जॅझ पियानोची मैफलीतली ध्वनिमुद्रणे: आपल्याला सर्वांत प्रिय कोणते आणि का?

उत्तररात्र (धागाकर्ती):

२५ जून १९६१ हा रविवार होता. न्यूयॉर्कमधल्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात त्या दिवशी पियानोवादक बिल एव्हान्स, डबल बास वाजवणारा स्कॉट लाफारो आणि ड्रमवादक पॉल मोशियन यांनी पाच बैठकी वाजवल्या, दोन दुपारी आणि तीन रात्री, आणि रिव्हरसाइड कंपनीने त्या सगळ्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यानंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. तो पंचवीस वर्षांचा होता. त्या एका दिवसाच्या फितींमधून पुढे दोन तबकड्या निघाल्या. पहिली 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड'. तिच्यातल्या रचना लाफारोचे वादन पुढे येईल अशा बेताने निवडल्या होत्या, आणि तिची सुरुवात व शेवट त्याच्याच दोन रचनांनी होतो. दुसरी 'वॉल्ट्झ फॉर डेबी', जिच्यामुळे मी जॅझ ऐकू लागले.

ती माझ्याकडे आली तेव्हा एका कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर उतरवलेली होती. 'माय फूलिश हार्ट' सुरू झाले की मागे पेले एकमेकांवर आपटल्याचे, कोणी हलक्या आवाजात बोलल्याचे, मध्येच हसल्याचे आवाज येत आणि ते मला नकलेतले दोष वाटत. पुढे चांगली प्रत मिळाली, हेडफोन लावून ऐकले, तेव्हा कळले की ते त्या खोलीचे आवाज आहेत. समोर शतकात क्वचित घडावी अशी गोष्ट घडत होती आणि काही श्रोते आपापल्या गप्पांत होते. मला प्रथम त्यांचा राग आला. आज मात्र त्या कुजबुजीशिवाय हे वादन मला अपुरे वाटते, कारण एव्हान्स किती हळुवार वाजवत होता याचे माप त्या कुजबुजीमुळेच मिळते. मोशियनचे ब्रश झांजेवर फिरत राहतात, लाफारो एकेक खोल स्वर ठेवून थांबतो, आणि पियानोचा प्रत्येक स्वरसमूह पूर्ण विरेपर्यंत पुढच्याची घाई कोणालाही नसते.

या धाग्यावर अशीच ध्वनिमुद्रणे एकत्र करावीत अशी माझी इच्छा आहे. पियानो जॅझचा असावा, ध्वनिमुद्रण शक्यतो श्रोत्यांसमोरचे असावे, आणि नुसते नाव न देता त्यात नेमके काय ऐकावे हे प्रत्येकाने आपल्या शब्दांत सांगावे, एवढीच विनंती आहे.

ठेका:

धागा उत्तम आहे. मी तबला शिकलो असल्यामुळे पियानोकडेही लयीच्या वाटेने पोहोचलो, आणि ती वाट मला पियानोवादक एरॉल गार्नरने दाखवली. 'कॉन्सर्ट बाय द सी' हे ध्वनिमुद्रण १९ सप्टेंबर १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या कार्मेल या समुद्रकाठच्या गावी, एका शाळेच्या सभागृहात झाले. ते विक्रीसाठी करायचे असे मुळात ठरलेलेच नव्हते. मागच्या बाजूला एक यंत्र चालू होते, गार्नरच्या व्यवस्थापक मार्था ग्लेझर यांना ती फीत मिळाली, आणि त्यांनी ती कोलंबिया कंपनीकडे नेली. पियानो पूर्ण सुरात नाही. एडी कॅलहूनचा बास आणि डेन्झिल बेस्टचे ड्रम दूरवरून आल्यासारखे वाटतात. असे असूनही मी या ध्वनिमुद्रणाला वाद्यसंगीताच्या कोणत्याही संग्रहात पहिल्या रांगेत बसवीन.

गार्नरचा डावा हात गिटारच्या झणत्कारासारखे चार ठोके अखंड देत राहतो, आणि उजवा हात त्या ठोक्यांच्या किंचित मागून चालतो. ही मागे राहण्याची मात्रा तो ओळीगणिक बदलतो. आपल्याकडे गायक ठाय लयीत शब्द मागे ओढतो आणि समेच्या तोंडावर तो नेमका सावरून घेतो, तेव्हा श्रोत्यांच्या छातीत जे होते, तेच येथे दर काही आवर्तनांनी होते. फरक एवढाच की ठेका देणारा आणि त्या ठेक्याशी खेळणारा हा एकच माणूस आहे. दोन हातांत दोन वेगळ्या लयी ठेवणे म्हणजे काय हे ज्यांनी डग्ग्यावर नुसती लग्गी साधण्याचा प्रयत्न केला आहे, त्यांना लगेच समजेल.

गार्नरला स्वरलिपी वाचता येत नव्हती. तो उंचीने इतका कमी होता की टेलिफोनच्या जाडजूड निर्देशिका खाली घेऊन त्यांवर बसून वाजवत असे. प्रत्येक रचनेच्या आरंभी तो अशी काही गूढ प्रस्तावना रचतो की कोणते गाणे येणार आहे याचा साथीदारांनाही अंदाज नसे. ती प्रस्तावना मोडून ओळखीचा मुखडा आला की सभागृहातून जी दाद येते, ती ऐकण्यासाठीच मी ही तबकडी अनेकदा लावतो. २०१५ साली त्या दिवसाचे पूर्ण ध्वनिमुद्रण प्रकाशित झाले आहे. जुन्या तबकडीत अकरा रचना होत्या. पूर्ण संचात तेवढ्याच आणखी मिळतात.

राइनकाठ:

मी काही वर्षे जर्मनीतल्या क्योल्न शहरात राहिले आहे, त्यामुळे पियानोवादक कीथ जॅरेटच्या 'क्योल्न कॉन्सर्ट'विषयी लिहिण्याचा मोह आवरत नाही. त्याची हकिगत अनेकांनी वाचली असेल, तरीही वादन समजून घ्यायला ती आवश्यक आहे असे मला वाटते.

२४ जानेवारी १९७५. कार्यक्रम आयोजित करणारी व्हेरा ब्रांडेस त्या वेळी अठरा वर्षांची होती. त्या संध्याकाळी ऑपेरागृहात ऑपेराचा प्रयोग असल्यामुळे जॅरेटला रात्री साडेअकराची वेळ मिळाली. त्याने मागितलेला मोठा बोझेनडॉर्फर पियानो रंगमंचावर नव्हताच. त्याच्या जागी तालमीसाठी वापरला जाणारा छोटा, बिघडलेला पियानो ठेवला गेला होता, ज्याचे वरचे स्वर पातळ आणि खणखणीत होते, खालचे दुबळे होते आणि पेडलही नीट चालत नव्हते. जॅरेट पाठदुखीने बेजार होता, लांबचा प्रवास करून आला होता आणि परत जायला निघालाच होता. ब्रांडेसने त्याची मनधरणी केली, पियानो शक्य तेवढा सुरात लावला गेला, आणि सुमारे चौदाशे श्रोत्यांसमोर तो कोणतीही पूर्वयोजना न करता वाजवायला बसला.

आता ऐकायचे काय, ते सांगते. पहिला भाग सव्वीस मिनिटांचा आहे. जॅरेट मुख्यतः मधल्या सप्तकांत राहतो, कारण त्या पियानोत तेवढाच प्रदेश विश्वासाचा होता. खालच्या स्वरांना वजन नाही, म्हणून तो डाव्या हाताने एकच आकृती पुन्हापुन्हा वाजवून त्यांना वजन आणतो, आणि ती आकृती मग गाण्याची जमीनच होऊन बसते. सातव्या-आठव्या मिनिटाच्या आसपास दोन स्वरसमूहांचे ते आंदोलन सुरू झाले की, आपल्याकडे तानपुऱ्याच्या आधाराने रागाची बढत होते तसे, तो एका जागी राहून आत खोल जात असल्याचे जाणवते. मध्येच त्याचा हुंकार येतो, पायाचे आघात ऐकू येतात. काहींना त्यांचा त्रास होतो. माझ्या मते त्या आवाजांत त्या रात्रीचे श्रम आहेत आणि ते पुसून टाकले असते तर वादन हलके झाले असते.

पुढे अनेक वादकांनी या वादनाची लिखित प्रत मागितली. जॅरेटने दीर्घ काळ नकार दिला आणि अखेर परवानगी दिली ती ध्वनिमुद्रण हेच प्रमाण मानावे असे बजावून. ते ऑपेरागृह २०१२ पासून दुरुस्तीसाठी बंद झाले. मी तेथे होते तेव्हा बाहेरच्या चौकातून जाताना दरवेळी त्या बंद इमारतीकडे पाहून थोडा वेळ थांबत असे.

काळी चार:

धागाकर्तीच्या आणि वरच्या सर्व लेखकांच्या आवडीचा पूर्ण आदर ठेवून मी वेगळे मत मांडू इच्छितो. श्रोत्यांसमोरचे वादन अधिक खरे आणि स्टुडिओतले कमी खरे, असा एक सूर या चर्चेत नकळत लागला आहे आणि तो मला पटत नाही. दोन उदाहरणे देतो.

पहिले पियानोवादक थेलोनियस मंकचे. १९५६ सालच्या 'ब्रिलियंट कॉर्नर्स' या तबकडीतील त्याच नावाची रचना इतकी अवघड होती की सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स आणि ड्रमवादक मॅक्स रोच यांच्यासारखे साथीदार असूनही ती एकदाही शेवटपर्यंत नीट वाजली नाही. पंचवीस प्रयत्न झाले. निर्माता ऑरिन कीपन्यूज याने त्या अपुऱ्या प्रयत्नांतले तुकडे कापून जोडले आणि आज आपण ऐकतो ती रचना तयार झाली. तिची लय एकाआड एक फेरीत दुप्पट होते आणि पुन्हा मूळ पदावर येते, सुरावट कोपऱ्याकोपऱ्यांवर अडखळल्यासारखी वळते, आणि तरीही सगळे एका श्वासात आल्यासारखे वाटते. जोड कोठे आहेत हे शोधण्याचा मी प्रयत्न केला आहे. ते ऐकू आले तरी रचनेची भव्यता तसूभरही कमी होत नाही. त्याच तबकडीतल्या 'पॅनोनिका'मध्ये मंक पियानोबरोबर सेलेस्टा हे घंटीसारख्या नाजूक आवाजाचे वाद्य वाजवतो, तेही आवर्जून ऐकावे.

दुसरे उदाहरण बिल एव्हान्सचेच. १९६३ सालच्या 'कॉन्व्हर्सेशन्स विथ मायसेल्फ'मध्ये त्याने एकावर एक असे तीन पियानो स्वतःच वाजवून मुद्रित केले. येथे लाफारोसारखा दुसरा कान नाही आणि श्रोत्यांची खोलीही नाही. एक माणूस स्वतःच्याच वादनाला साथ देतो, मग त्या साथीलाही उत्तर देतो. ही किमया कोणत्याही क्लबात घडणे शक्य नव्हते, आणि तिला कमी खरे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

उत्तररात्र:

काळी चार यांचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो आणि त्यांनी दिलेली दोन्ही उदाहरणे मला प्रिय आहेत. मी 'अधिक खरे' असे म्हटलेले नाही, परंतु तसे ध्वनित झाले असेल तर ते दुरुस्त करते. यात एक धागा मात्र दाखवावासा वाटतो. 'ब्रिलियंट कॉर्नर्स'चे तुकडे जोडणारा ऑरिन कीपन्यूज आणि १९६१ च्या त्या रविवारी व्हॅनगार्डमध्ये एव्हान्सच्या ध्वनिमुद्रणाची जबाबदारी घेतलेला निर्माता ही एकच व्यक्ती आहे. त्याच माणसाने मंकच्या वेळी कात्री हातात घेतली आणि एव्हान्सच्या वेळी खोली आहे तशी राहू दिली. म्हणजे प्रश्न स्टुडिओ की मैफल असा नसून समोरच्या संगीताला काय हवे आहे हे ओळखणाऱ्या कानाचा आहे.

मंकचेच श्रोत्यांसमोरचे वादन हवे असेल तर २९ नोव्हेंबर १९५७ रोजी कार्नेगी हॉलमध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनबरोबर झालेला कार्यक्रम ऐकावा. त्या वर्षी दोघांनी फाइव्ह स्पॉट या क्लबात कित्येक महिने एकत्र वाजवले, पण त्या सहवासाचे ध्वनिमुद्रण फारच थोडे उरले होते. कार्नेगी हॉलच्या कार्यक्रमाच्या फिती 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ने केल्या होत्या आणि त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जवळजवळ अर्धे शतक पडून राहिल्या. २००५ साली तेथील लॅरी ॲपलबॉम यांच्या लक्षात आले की एका खोक्यावर मंकचे नाव आहे. त्याच वर्षी त्या प्रकाशित झाल्या. आरंभीच्या 'मंक्स मूड'मध्ये बराच वेळ जवळजवळ फक्त पियानो आणि सॅक्सोफोन आहे. मंक एक स्वरसमूह ठेवतो आणि गप्प राहतो, कोल्ट्रेन त्या मोकळ्या जागेत धावत्या स्वरांचा पडदा सोडतो. महिनोन्महिने रोज रात्री एकत्र वाजवल्याशिवाय असा विश्वास येत नाही.

मांडवी:

मुंबई आणि गोवा यांचा या विषयाशी असलेला संबंध येथे नोंदवला जावा असे मला वाटते. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या वादकांचे वाद्यवृंद येऊन राहत आणि त्यांच्याबरोबर टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक वाजवत असे. तो व्हर्जिनियात जन्मला, शिकागोत नावाजला गेला, शांघायमध्ये राहिला आणि मग मुंबईमार्गे कोलकात्यात स्थिरावला. १९४५ च्या एप्रिलमध्ये कॉलऱ्याने त्याचा तेथेच मृत्यू झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलकात्यात त्याने केलेली कोलंबियाची ध्वनिमुद्रणे आज इंटरनेटवर ऐकायला मिळतात. ती नृत्यासाठी वाजवलेली, तीन मिनिटांची गाणी आहेत, त्यांत एव्हान्ससारखी सखोलता शोधू नये. पण त्याच्या डाव्या हाताची उडी ऐकावी: ठोक्यावर खालचा स्वर, लगेच वर स्वरसमूह, आणि हे सगळे न थकता.

त्या वाद्यवृंदांजवळ बसून जे शिकले त्यांत आमच्या गोव्याचे वादक पुष्कळ होते. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेल्या या मंडळींनी रात्री हॉटेलांत जॅझ वाजवले आणि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओंत काम केले. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, यांनी पुणतांब्यात जन्मलेल्या आपल्या सी. रामचंद्रांबरोबर 'अलबेला'च्या संगीतासाठी काम केले. 'शोला जो भडके' ऐकताना ज्या वाद्यमेळाने आपली पावले हलतात, त्याच्या मागे ताजमधल्या त्या रात्री आहेत. दुःख याचे आहे की त्या रात्रींचे, प्रत्यक्ष नाचघरातले, ध्वनिमुद्रण आपल्याला ऐकायला मिळत नाही. चिक चॉकलेट यांच्या ट्रम्पेटबरोबर एखाद्या शनिवारी पियानो कसा वाजला असेल याची मी नुसती कल्पना करत राहते.

धोबीतलाव:

मांडवी यांच्या प्रतिसादाला जोडून लिहितो. १९७८ मध्ये मुंबईत 'जॅझ यात्रा' हा संगीत महोत्सव सुरू झाला तेव्हा मी महाविद्यालयात होतो. वर ज्याचा उल्लेख आला आहे तो 'ब्रिलियंट कॉर्नर्स'मधला सॉनी रोलिन्स त्या पहिल्याच वर्षी आला होता. मुंबई त्याला नवी नव्हती, कारण साठच्या दशकाच्या अखेरीस तो पवईच्या आश्रमात राहून गेला होता. रंगभवनाच्या उघड्या आकाशाखाली आम्ही दगडी पायऱ्यांवर बसून ऐकत असू, आणि तेथेच मला प्रथम उमगले की पियानोवादक साथ करताना किती कमी वाजवू शकतो.

ते उमगल्यामुळेच माझी निवड पियानोवादक अहमद जमाल आहे. शिकागोच्या पर्शिंग हॉटेलच्या लाउंजमध्ये १६ जानेवारी १९५८ रोजी ध्वनिमुद्रित झालेले 'बट नॉट फॉर मी'. इझ्रायल क्रॉस्बी बासवर, व्हर्नेल फोर्निए ड्रमवर. त्यातले 'पॉइन्सिआना' आठ मिनिटांचे आहे. फोर्निएचा ठेका हा त्याच्या न्यू ऑर्लीन्स गावच्या मिरवणुकीच्या चालीतून आलेला आहे आणि तो पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत जवळजवळ अखंड चालतो. जमाल त्याच्यावर दोन स्वर टाकतो, थांबतो, वरच्या सप्तकात एखादी ठिणगी उडवतो, पुन्हा थांबतो. तो थांबलेला असताना श्रोत्यांचे लक्ष त्या ठेक्याकडे वळते आणि ठेका नव्याने ऐकू येऊ लागतो. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसला ही मोकळी जागा एवढी आवडली होती की तो स्वतःच्या पियानोवादकाला जमालसारखे वाजवायला सांगत असे. ही तबकडी शंभराहून अधिक आठवडे खपाच्या यादीत राहिली. त्या काळी काही समीक्षकांनी जमालला हॉटेलातला करमणुकीचा वादक म्हणून बाजूला सारले होते. त्यांनी मौन ऐकलेच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठेका:

धोबीतलाव यांच्याशी पूर्ण सहमत आहे. तबल्यावरही नुसता स्वच्छ ठेका धरणे हे सर्वांत उशिरा येते.

याच्या अगदी उलट टोकाचे एक ध्वनिमुद्रणही सुचवतो. जवळजवळ अंध असलेला आर्ट टेटम स्टुडिओत चमत्कार करीत असे. १९५३ च्या डिसेंबरमध्ये निर्माता नॉर्मन ग्रांझने त्याला पियानोसमोर बसवले तेव्हा दोन दिवसांत सुमारे सत्तर रचना त्याने वाजवल्या. पण माझे आवडते वादन लॉस एंजेलिसजवळ संगीतकार रे हाइनडॉर्फ यांच्या घरी झालेल्या खाजगी मैफलींतले आहे, १९५० आणि १९५५ सालचे. आपल्याकडच्या घरगुती बैठकीत गवई जसा जाणकारांच्या सान्निध्यात अधिक खुलतो, तसा टेटम येथे खुलला आहे. ओळखीच्या गाण्याखालची स्वरसंगती तो भर वेगात बदलतो, उजव्या हाताची तान वरून खाली कोसळते आणि ठोका मात्र कोठेही हलत नाही.

काळी चार:

चर्चेने माझ्यावर परिणाम केला आहे, तो नोंदवतो. २००५ साली प्रकाशित झालेला व्हॅनगार्डचा पूर्ण संच माझ्याकडे होता, परंतु मी तो कधीच क्रमाने ऐकला नव्हता. काल रात्री जेवणानंतर पाचही बैठकी एका बसणीत ऐकल्या. पहिल्याच रचनेत, लाफारोच्या 'ग्लोरियाज स्टेप'मध्ये, वीज गेल्यामुळे ध्वनिमुद्रण मध्येच खंडित होते. पूर्वी मी तो तुकडा वगळून पुढे जात असे. काल तो थांबून ऐकला. यंत्र बंद पडले आहे आणि ते तिघे पुढे वाजवत आहेत, एवढे त्या खंडावरून कळते, आणि जे मुद्रित झाले नाही त्याची हुरहूर संपूर्ण संचभर पुरते.

शेवटच्या बैठकीत ते लाफारोची 'जेड व्हिजन्स' लागोपाठ दोनदा वाजवतात. बास तीच खोल आकृती पुन्हापुन्हा फिरवत राहतो आणि एव्हान्स तिच्याभोवती अगदी मोजके स्वर ठेवतो. त्यानंतर संचाच्या अखेरीस निरोपाचे काही क्षणांचे वादन आहे. ते संपले तेव्हा घरात रात्रीचा एक वाजला होता, आणि मी 'ग्लोरियाज स्टेप'चा तो खंडित तुकडा पुन्हा लावला.